रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर: दमा असलेल्या मुलीचा पावसाळा ते मार्च वापर

हा व्यायाम करत खेळायचा व्हिडिओ गेम 2019चा, म्हणजे जुनाच. तरी लिहितेय, कारण घेण्याआधी शोधलं तेव्हा वजन किती उतरलं याचेच अनुभव सापडले, दम्याबद्दल काहीच नाही. लेक 14 वर्षांची, दमा लहानपणापासून. पुण्यात पावसाळ्यात भिंतींना ओल, दिवाळीत फटाक्यांचा धूर, पाठोपाठ थंडी. बाहेर पळायला महिने उरतात मोजकेच. शाळेत पीटीच्या तासाला बाई तिला बाकावर बसवतात, त्यामुळे दम सुटायची भीतीच जास्त बसलेली.

निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलचा एक जॉय-कॉन (हातात धरायचा छोटा कंट्रोलर) गेमसोबतच्या लवचिक रिंगमध्ये अडकवायचा, दुसरा मांडीला पट्ट्याने बांधायचा. जागेवर धावलं की पडद्यावरचा खेळाडू धावतो, रिंग दाबली की हवेचा झोत सुटतो. राक्षस आडवा आला की स्क्वॉट, प्लँक, योगासनं यातलं काहीतरी निवडून त्याला मारायचं.

आमच्या कामाचं नेमकं हेच निघालं. सलग धावताना तोंडाने भराभर श्वास घेतला जातो, श्वासनलिका कोरड्या आणि गार पडतात, मग आकसतात. इथे थोडा वेळ जोर, मग राक्षसाची पाळी, मग पुढचा व्यायाम निवडणं. उसंत आपोआप मिळते, आणि ‘थांब आता’ म्हणायला आई लागत नाही. सुरुवातीला स्ट्रेचिंग, शेवटी कूल-डाउन आहे. ते ‘बोअर’ म्हणून सोडू देऊ नका, दम्यात वॉर्म-अपचा खरंच उपयोग होतो. जोर 1 ते 30 पर्यंत कमी-जास्त करता येतो. सर्दीच्या आठवड्यात आम्ही तो सरळ खाली आणतो. मुलगी कुरकुरते, पण खेळते.

आता खटकलेलं. लढाईत अंगावर हल्ला आला की रिंग पोटावर दाबून धरायची असते. तेव्हा ही हमखास श्वास रोखायची. गेमला त्याचा पत्ता नसतो, तो आपला ‘शाब्बास’ म्हणत राहतो. शेवटी तिला मोठ्याने आकडे मोजायला लावले. मोजताना श्वास रोखताच येत नाही.

दुसरं, टप्पा संपला की जॉय-कॉनच्या सेन्सरवर अंगठा ठेवून नाडी मोजता येते. त्या आकड्यावर आपण खूश होतो, पण नाडीवरून छातीचं काही कळत नाही. व्यायामाने येणारा त्रास बऱ्याचदा थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढतो, म्हणजे गेम बंद करून पोरगी पाणी प्यायला गेल्यावर. म्हणून पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोरात बसते ते मोजणारी नळी, टीव्हीशेजारीच ठेवलंय. तिचा सर्वोत्तम आकडा 340; 80 टक्के म्हणजे साधारण 270. फुंकर त्याखाली गेली की त्या दिवशी गेम नाही, यावर वाद नाही. खेळाआधी 15 मिनिटं स्पेसरमधून (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) इनहेलरचा पफ घ्यायला डॉक्टरांनी सांगितलंय, आणि सकाळ-संध्याकाळचा इनहेलर आहेच. ‘गेम खेळते, आता औषध बंद करा’ असं एका नातेवाइकांनी सुचवलं होतं. त्यांना चहा दिला.

फरक? दमा गेला नाही, जाणारही नव्हता. पण जिना चढून आल्यावर लागलेली धाप आणि दम्याची घरघर, यातला फरक तिला आता स्वतःला कळतो. ‘आई, ही साधी धाप आहे, इनहेलर नको,’ असं ती परवा म्हणाली. मी तरी मीटर पुढे केलंच. आकडा चांगला आला.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सायलेंट मोड वापरा. धावण्याऐवजी गुडघे वाकवायचे, खालच्या काकूंची तक्रार बंद. खेळण्याआधी ओली फडकी मारा, गालिचा असेल तर गुंडाळून ठेवा, नाहीतर धूळ तिच्याच नाकात. पट्टा बारीक मांडीवरून घसरतो, आम्ही जाड लेगिंग घालायला लावतो. आणि स्विच लाइट (कंट्रोलर सुटे न होणारा छोटा स्विच) घरात असेल तर जॉय-कॉन वेगळे घ्यावे लागतील, तो खर्च आधीच धरा.