इतिहास, चित्रं आणि लोकांची मतं: फीडमध्ये नऊ महिने काढल्यावर

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे सोशल मीडियाच्या ॲपवर एकामागनं एक समोर येणाऱ्या पोस्टींचा, म्हणजे फीडचा, हा रिव्ह्यू कुठनं येतोय ते कळेल. साताऱ्यात माझं फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. देवादिकांचे फोटो, लग्नाचे, रिटायरमेंटची मानपत्रं, वारलेल्या माणसांचे फोटो, रोजचं काम हेच. व्हॉट्सॲप सोडलं तर मी बाकी कशावर नव्हतोच. मग पोरीनं अकाउंट काढून दिलं, म्हणाली बाबा गिऱ्हाईक नसलं की बसल्या बसल्या बघत जा, इतिहासाची चिक्कार पेजेस आहेत. तर नऊ महिने झाले, दिवसाला दीड-दोन तास जातात. इतिहासाची पेजेस, जुन्या चित्रांचे ग्रुप, मोडी शिकवणारे, किल्लेवाले, आणि या सगळ्यांच्या मधनं आपली मतं मांडणारे, असं सगळं एकाच ताटात वाढून येतं, बासुंदीत आमटी गेली तरी कोण बघत नाही.

पहिले दोन महिने मी येडाच झालो होतो. इतकं सगळं फुकट! पुण्यातल्या गंगाराम तांबटाचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. सवाई माधवरावांच्या काळातला माणूस, इंग्रज रेसिडेंट (म्हणजे दरबारातला इंग्रजांचा वकील) मॅलेटसाठी चित्रं काढायचा, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढलाय त्यानं, १७९० सालचा. वेरूळची लेणी काढलीत. ती चित्रं मॅलेटबरोबर इंग्लंडला गेली आणि आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश आर्ट सेंटरमध्ये आहेत. हे ज्यानं टाकलं होतं त्यानं खाली म्युझियमचं नाव लिहिलं होतं म्हणून मी शोधत गेलो तर त्यांच्या साईटवर मोठ्या साईजमध्ये चित्र डाउनलोड करायला ठेवलेलं, एक पैसा न घेता. गेंड्याची प्रिंट काढून दुकानात लावलीय, साधी काळी पट्टी, पांढरं माउंट. येणारा प्रत्येकजण विचारतो हे काय, आणि मी प्रत्येकाला पाच मिनिटं पकवतो. एवढ्या एका पोस्टसाठी नऊ महिन्यांतले दोन महिने वसूल झाले असं म्हणायला माझी हरकत नाही.

पण मग माती खाल्ली. एक ताई मोबाईल घेऊन आल्या, हातात दिवा धरलेल्या बाईचं चित्र, बोटांच्या फटीतनं उजेड येतो बघा, ते. म्हणाल्या मोठी प्रिंट करा आणि खाली पितळी पट्टीवर नाव टाका. नाव काय टाकू म्हणलं तर त्यांनी पोस्टच दाखवली, 'राजा रविवर्मा यांची अजरामर कलाकृती', आणि खाली हजारो लाईक. मीही तीच पोस्ट आदल्या आठवड्यात पाहिली होती, लाईक पण केली होती, त्यामुळे डोळे झाकून पट्टी कोरून आणली. नव्या घराच्या वास्तुशांतीला ती फ्रेम भिंतीवर लागली आणि तिथं जेवायला आलेल्या एका निवृत्त ड्रॉईंग मास्तरांनी सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं की हे सावळाराम हळदणकरांचं, वॉटरकलर आहे, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि समोर उभी आहे ती त्यांचीच मुलगी गीता. चित्र १९४५-४६ च्या सुमारासचं. रविवर्मा १९०६ ला गेले, तेव्हा ती मुलगी जन्मलीही नव्हती! त्या गीताबाई उपळेकर पुढं कोल्हापूरला राहायच्या, शंभरी ओलांडून २०१८ मध्ये वारल्या. म्हणजे अगदी परवापर्यंत चित्रातली बाई आपल्यापासून दोन-अडीच तासांवर होती आणि आम्ही साताऱ्यात बसून तिच्या खाली भलत्याचंच नाव ठोकत होतो. आपला माणूस, सावंतवाडीचा, आणि त्याच्या कामावर नाव दुसऱ्याचं. ताई काही बोलल्या नाहीत पण पट्टी मी माझ्या खर्चानं बदलून दिली.

त्या रात्री झोप लागेना म्हणून विचार केला की आपण फसलो कुठं. दुकानात असं माझं कधी होत नाही. जुनं चित्र आलं की मी आधी ते उलटं करतो. वडिलांनी लावलेली सवय आहे, समोर नंतर बघायचं, आधी पाठ. पाठीमागं स्टुडिओचा शिक्का असतो, कुणी पेन्सिलीनं तारीख टाकलेली असते, हार्डबोर्डच्या आत दुसरंच चित्र दडलेलं असतं, कसर कुठनं लागली ते कळतं. ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी जुनी रंगीत छपाई, असेल तर खालची कड बघायची, रविवर्मा प्रेसच्या खऱ्या छपाईला कडेला बारीक अक्षरात प्रेसचं नाव आणि कार्ला-लोणावळा असं छापलेलं असतं. (लोकांनी फ्रेममध्ये बसवायला ती कडच कापलेली असते, हे वेगळं दुखणं.) एकदा लक्ष्मीचं चित्र आलं होतं, पदरावर जरीची कशिदाकारी केलेली आणि टिकल्या चिकटवलेल्या, कुणाच्या आजीनं हातानं केलेलं काम. ते बघून कळतं की हे चित्र घरात देवासारखं राहिलंय. मोबाईलवरच्या चित्राला ना पाठ असते ना कड. कुठनं निघालं, कुणाच्या हातनं आलं, कुणी काय कापलं, सगळं पुसलेलं असतं आणि त्या रिकाम्या जागेवर पोस्ट टाकणारा आपलं मत लिहितो. हा रिव्ह्यू म्हणजे खरं तर एवढंच आहे, बाकी मी उदाहरणं देतोय.

वाघनखांचंच घ्या. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधनं ती आमच्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीन वर्षांच्या बोलीवर. मी लाईनमध्ये उभा राहून बघून आलो, अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण अजूनही दर काही दिवसांनी फीडमध्ये तीच कुस्ती. एक पार्टी म्हणते हीच ती, शंका घेणारा देशद्रोही, दुसरी म्हणते सगळं खोटं. आता 'पाठ' काय सांगते? ती वाघनखं ज्या डबीत मिळाली त्या डबीवर इंग्रजीत लिहिलंय की ही शिवाजीची वाघनखं, ह्याच नखांनी त्यानं मोगल सरदाराला मारलं, आणि साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफला ही पेशव्यांच्या प्रधानानं दिली. मोगल सरदार! अफझलखान आदिलशाहीचा, हे आमच्याकडं चौथीचं पोर सांगतं. म्हणजे ज्यानं ती डबी करवली त्याला खान कुणाचा हेच धड माहीत नव्हतं. म्युझियमवाले स्वतः म्हणतात की १६५९ ला वापरलेली हीच का याची खात्री करता आलेली नाही. एवढं एका दमात, शिव्या न देता लिहिणारी पोस्ट मला नऊ महिन्यांत एकच दिसली आणि तिला मोजून एकोणीस लाईक. आरडाओरडा करणाऱ्यांना वीस-वीस हजार.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले तेव्हाही तेच. आनंद झाला, पेढे वाटले, आमच्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे त्यात. पण ज्या याद्या फिरल्या त्यातल्या निम्म्यांत जिंजी गायब आणि तिच्या जागी कुणाचा तोरणा, कुणाचा आमचा अजिंक्यतारा. अरे बाबा अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी, आणि तोच तर महत्त्वाचा, राजाराम महाराजांनी तिथनं इतकी वर्षं मोगलांना खेळवलं. मी कमेंटमध्ये लिहिलं तर एकानं विचारलं तुम्ही कुठल्या पक्षाचे. आता जिंजीला पक्ष असतो हे मला नवीनच.

एआयच्या चित्रांनी तर धंद्यातच घुसखोरी केलीय. थोरल्या बाजीरावांचा 'दुर्मिळ फोटो' घेऊन एक पोरगा आला होता, पिवळट रंग, कडेला फाटल्यासारखं केलेलं. म्हणलं बाळा, रावसाहेब १७४० ला गेले, कॅमेरा जगासमोर आला १८३९ ला, मध्ये शंभर वर्षं फोटोग्राफर काय करत होता? हसला, पण फ्रेम करून घेऊन गेलाच. मीही करून दिली. धंदा आहे. पट्टीवर नाव मात्र नाही टाकलं.

आता ज्याच्यासाठी मी हे ॲप अजून डिलीट केलेलं नाही ते सांगतो. एक अनोळखी माणूस आहे, गावोगाव फिरून वीरगळांचे, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीत कोरलेल्या दगडांचे, फोटो टाकतो. मत बित काही नाही. गाव, देवळाच्या कुठल्या अंगाला दगड आहे, उंची किती, आणि मग खालनं वर वाचून दाखवतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा गुरं सोडवताना पडलेला माणूस, मधल्यात अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, वरच्यात तो शिवलिंगासमोर बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत याचं नाव राहील. गधेगळाचं (गाढव आणि बाई कोरलेला दगड असतो तो) पण त्यानंच समजावलं, लोक अश्लील अश्लील म्हणून कमेंटमध्ये बोंबलत होते तेव्हा शांतपणे लिहिलं की ही शिवी आहे, दान मोडणाऱ्याला दगडात कोरून दिलेली, आणि अलिबागजवळ अक्षीला शके ९३४ चा जो मराठी शिलालेख आहे तोसुद्धा असल्याच दगडावर आहे. आपल्या भाषेच्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, आणि त्यात शिवी, मला तर जाम आवडलं हे.

त्याचं वाचून सासुरवाडीला गेलो तेव्हा भैरोबाच्या देवळामागं गेलो. पंचवीस वर्षं मी त्या गावाला जातोय. ज्या दगडावर बसून मी दर जत्रेला चप्पल घालतो तो दगड वीरगळ निघाला! आडवा पडलेला, वरनं निळा ऑइलपेंट, आणि एका कडेला कुणीतरी मोबाईल नंबर लिहून ठेवलेला. वाकून बघितलं तर रंगाच्या खालनं घोड्याचा पाय दिसत होता, मग हात फिरवत फिरवत ढाल लागली, गुरांची शिंगं लागली, तीन गाई असाव्यात. बायको म्हणाली पाहुणे जेवायचे थांबलेत, या आता. मी आपला बोटांनी चाचपत बसलेलो. अप्सरांच्या चौकटीवर रंगाचे इतके थर की नुसते उंचवटे लागतात.

फोटो काढून त्या माणसाला पाठवला. दोन तासांत उत्तर. म्हणाला रंग खरवडू नका, ॲसिड-बिसिड तर अजिबात लावू नका, दगड उभा करायची घाई नको, आधी दुसरी बाजू बघा. पाठ बघा म्हणाला! मला म्हणाला!

रेटिंगचं म्हणाल तर ॲपला दोन स्टार, कारण वीरगळवाल्याची पोस्ट मला शोधून काढावी लागते आणि भांडणं न मागता पुढ्यात येतात. एकदा रागानं एक व्हिडिओ पूर्ण बघितला तर पुढचे पंधरा दिवस तसलेच. आता मी काय करतो, नुसती मतं टाकणारी पेजेस म्यूट केली, चाळीसेक असतील, आणि वस्तू कुठं ठेवलीय ते न लिहिणारी पोस्ट लाईक करायची नाही असं ठरवलंय. फीड एकदम निम्म्यावर आलं. पोरगी म्हणते बोअर झालंय तुमचं अकाउंट.

तो दगड दोन माणसांना हलत नाही. गुरवाला सांगून आलोय की जत्रेला रंग लावायच्या आधी मला फोन कर, चार माणसं घेऊन येतो, नुसता पालथा करून बघू. तो म्हणाला बघू, डबा तर आणून ठेवलाय, यंदा भगवा आहे.