सीताबर्डीतील व्हॉल्यूम पेडलची दुरुस्ती : पॉट कधी बदलावा?

गिटारच्या व्हॉल्यूम पेडलची, म्हणजे पायाने दाबून आवाज कमी-जास्त करण्याच्या पेडलची, दुरुस्ती सीताबर्डीतील एका छोट्या ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात करून घेतली आणि काम चोख झाले. पेडल दाबताना खरखर येत होती. कारागिरांनी सरळ नवा पॉट (पेडलमधला आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोधक, म्हणजे पोटेन्शिओमीटर) माथी न मारता आधी तळाचे झाकण उघडून जुन्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, कारण धुळीने होणारी खरखर, आणि नागपुरात धुळीला तोटा नाही, बहुधा तेवढ्याने जाते. खरखर लवकरच परतली आणि एका ठरावीक जागी आवाज तुटून एकदम उसळू लागला, तेव्हा मात्र आतील कार्बनचा पट्टा झिजला असून पॉट बदलण्यावाचून गत्यंतर नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. माझ्या गिटारला पॅसिव्ह पिकअप (तारांची कंपने टिपणारा, बॅटरी न लागणारा भाग) असल्याने २५० किलोओहमचाच पॉट बसवला. २५ किलोओहमचा बसवला असता तर तीव्र स्वरांची धारच गेली असती, आणि पिकअप कोणता आहे हे आपणहून विचारणारे दुकान विरळाच. पॉट फिरवणाऱ्या दोरीचे तंतू कप्पीपाशी सुटू लागले होते, म्हणून तीही त्याच वेळी बदलली, कारण अशी दोरी तुटते ती हमखास कार्यक्रमाच्या ऐन रंगात. सुटा भाग बाहेरून मागवावा लागल्यास थांबावे लागते, एवढीच काय ती अडचण.