चंदीगडहून आलेली अ‍ॅम्प्यूल आणि सोबतचा कागद

मी भुसावळला कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. रावेर-यावलच्या केळीबागांतल्या मातीतले जिवाणू करप्याच्या बुरशीला रोखतात का, हे आमच्या मुली तपासतात. तुलनेला खात्रीचं कल्चर, म्हणजे शुद्ध वाढवलेला जिवाणू हवा, म्हणून चंदीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-बुरशी जपणाऱ्या संग्रहाकडून बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू, क्रमांक ४४१ मागवला.

मे महिना होता. मागे ओळखीतून आणलेला स्लँट, म्हणजे नळीत तिरक्या थरावर वाढवलेलं कल्चर, अशाच उन्हात रेल्वेत वाया गेला होता, वर भलतंच काही वाढलं होतं. ही अ‍ॅम्प्यूल म्हणजे काचेची बंद कुपी, आतलं कल्चर फ्रीज-ड्राय, म्हणजे गोठवून सुकवलेलं, तळाशी चिमूटभर पांढरट पूड. कानशीने काचेवर ओरखडा काढला, स्पिरिटने पुसून टोक मोडलं, ब्रॉथचे, म्हणजे जिवाणूंच्या पोषक द्रवाचे थेंब सोडले, प्लेटवर रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळीकडे एकसारख्या कॉलन्या, परकी एकही नाही. मुली प्लेट उजेडात धरून किती वेळ बघत होत्या!

पण मला त्याहून मोलाचा वाटला तो सोबतचा कागद, कल्चर कसं वापरायचं याचा करार. कल्चर संशोधनापुरतं, परस्पर कुणाला द्यायचं नाही, धंद्यासाठी वापरायचं तर वेगळी परवानगी. त्याच आठवड्यात जैविक खतांच्या एका कंपनीतले गृहस्थ आले. "मॅडम, एक प्लेट द्या ना, आपलंच काम आहे." म्हटलं, "भाऊ, मी सही केलीय. तुम्ही तिथूनच मागवा." रागावून गेले.

चार वर्षांपूर्वी मी नाही म्हटलं नव्हतं. सावद्याच्या एका मळ्यातला आमचा जिवाणू मी दुसऱ्या एका कंपनीला तोंडी शब्दावर दिला. पुढच्या हंगामात त्यांचं नवं पाकीट कृषी केंद्रात दिसलं. आत आमचाच जिवाणू आहे का, हे विचारायला माझ्याकडे साधी चिठ्ठी नव्हती. ज्यांनी माती दिली त्या काकांना काय सांगणार?

फ्रीजरमध्ये राखलेला तो जिवाणू आता एमटीसीसीत जमा करतेय. पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार आहे, बुडापेस्ट करार; त्याखाली २००२ पासून त्यांना आंतरराष्ट्रीय ठेव केंद्राचा दर्जा आहे. पेटंटसाठी ठेवलेलं कल्चर किमान ३० वर्षं सांभाळावं लागतं. पुण्याचं एनसीएमआर हे सूक्ष्मजीव केंद्रही हे काम करतं, आपल्याला जवळ पडतं.

वेळ जातो तो आपल्याकडेच. करारावर संस्थेच्या वतीने अधिकार असलेल्याची सही लागते, एकट्या गाइडची, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकाची चालत नाही. आमच्याकडे त्यात तीन आठवडे गेले. सही कोण करणार ते आधी ठरवा.

नमुना कुठून घेतला, या रकान्यात मी सावद्याचा तो मळा गट क्रमांकासह लिहिलाय.