नई दुनियात गुंडाळलेली बार्बेरा

रंगपंचमीनंतरच्या रविवारी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी इटालियन वाइनच्या पाच बाटल्या उघडल्या. अट एकच, अडीच हजारांच्या वर एकही नको. चाखायला चौघं होतो: मी, आमचे हे (पक्के व्हिस्कीवाले) आणि उज्जैनहून आलेले भाऊजी-जाऊबाई. उज्जैनला १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानंच बंद झाली आहेत, त्यामुळे भाऊजी सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधीच हजर.

चार लाल बाटल्या मी 'नई दुनिया' ह्या हिंदी वर्तमानपत्राच्या पानांत गुंडाळल्या आणि वर आकडे टाकले. बत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलंय. नाव दिसलं की परीक्षकाचा हात कसा सैल होतो ते मला कुणी सांगायला नको. खोलीत ३१ डिग्री होती. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली इंदूरची नव्हे. म्हणून सगळ्या बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या.

एक नंबर चौघांनीही नापास केली. वास शिजवलेल्या मनुकांचा, चव सपाट, मागे नुसता कडवटपणा. कागद काढला तर किआंती, इटलीतल्या टस्कनीची प्रसिद्ध लाल वाइन, २१५० रुपयांची! गळ्याला डीओसीजीची (इटालियन वाइनचा सगळ्यात वरचा सरकारी दर्जा) नंबर छापलेली सरकारी पट्टी, म्हणजे कागदोपत्री सगळं चोख. निदान ७० टक्के सांजोवेझे द्राक्ष असल्याशिवाय किआंती हे नावच लावता येत नाही. सांजोवेझेची ओळख म्हणजे आंबट चेरीसारखा तरतरीतपणा, आणि इथे नेमका तोच गायब. बूच पाहिलं तर किंचित वर सरकलेलं, कडेनं लाल ओघळ सुकलेला. म्हणजे बाटली उन्हाळा खाऊन बसली होती, तापून फुगलेल्या वाइननं बूच वर ढकललेलं. दुकानात तक्रार केली तर उत्तर मिळालं, "मॅडम, वाइन तो जितनी पुरानी उतनी अच्छी." नाव घेत नाही, पण तिथली वरची फळी ट्यूबलाइटला चिकटून आहे. दोष किआंतीचा नाही, त्या फळीचा. दुसरीकडून घेऊन पुन्हा बघेन.

दोन नंबर प्रिमितीवो, पुलियाची, म्हणजे इटलीच्या बुटाच्या टाचेकडची. १४ टक्के अल्कोहोल, जॅमसारखी गोडसर. ह्यांना फार आवडली, व्हिस्कीवाल्यांना आवडणारच. मला दुसऱ्या घोटानंतर जड झाली. तिखटाबरोबर तर अल्कोहोल आणखी जाळतं.

तीन नंबर मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो, १७०० रुपये. नावात गोंधळ आहे. मोन्तेपुल्चानो हे टस्कनीतलं गाव आणि तिथली नावाजलेली वाइन सांजोवेझेची. ह्या बाटलीतलं मोन्तेपुल्चानो मात्र द्राक्षाचं नाव, आणि ते पिकतं पूर्वेला आब्रुत्सोत. रंग गर्द, जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तसा तुरटपणा. द्राक्षाच्या सालीतलं टॅनिन लाळेतली प्रथिनं धरून ठेवतं, त्याचा हा परिणाम. नुसती प्यायली तेव्हा जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं. मग त्यांच्याच हातच्या मटणाच्या रश्श्याबरोबर घेतली आणि तुरटपणा चरबीत विरघळल्यासारखा झाला. "आता कळलं," म्हणाल्या आणि ग्लास पुढे केला.

चार नंबर बार्बेरा द'आस्ती, २४०० रुपये. आजची सगळ्यात महाग आणि तरीही माझ्या मते सगळ्यात स्वस्त. इटलीच्या वायव्येकडच्या पीएमोंतेचं हे द्राक्ष मुळातच आंबट, टॅनिन कमी. त्यामुळे तेल कापतं आणि मिरचीला डिवचत नाही. भुट्ट्याच्या कीसाबरोबर, लसणाच्या शेवेबरोबर, रश्श्याबरोबर, कुठेच अडली नाही. कोकमाचं सार जसं जड जेवणात तोंड परत स्वच्छ करतं, तसं काहीतरी. त्याच पीएमोंतेत बारोलो ही नामांकित, महागडी वाइन होते. ती ह्या पैशात मिळत नाही आणि कुणी देऊ केली तर मी संशय घेईन. आयात वाइनवर जबर सीमाशुल्क, वर जहाजाचं भाडं, काच, बूच. एवढं वजा जाता अडीच हजारांत द्राक्षाच्या वाट्याला उरतं किती? मोठ्या नावाची बाटली ह्या भावात मिळाली तर ती त्या नावाची सगळ्यात खालची पायरी असते. बार्बेरावाला त्याच पैशात जरा बरा माल देऊ शकतो.

शेवटी मोस्कातो द'आस्ती. हिला लपवण्यात अर्थ नव्हता. फिकट, गोड, हलकी फसफसणारी. अल्कोहोल पाचच टक्के, कायद्यानंच साडेसहाच्या वर जाता येत नाही. मी ती मिठाईबरोबर न देता जिरावन (आमचा इंदुरी मसाला) भुरभुरलेल्या पोह्यांबरोबर दिली. जिरावनचा तिखट-आंबट झणका आणि तो पीचचा गोडवा. भाऊजी दहा मिनिटं गप्प होते, हे आमच्या घराण्यात प्रशस्तिपत्रकच. उघडली की त्याच दिवशी संपवा, फसफस टिकत नाही.

बार्बेराची पाव बाटली उरली होती. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली, दुसऱ्या रात्री मुगाच्या खिचडीबरोबर घेतली, तशीच ताजी होती. आता दोन आणायच्यात, पण फळीवरच्या नकोत. दुकानातल्या मुलाला सांगून आतल्या खोलीतलं खोकं उघडायला लावणार, आणि बूच वर आलंय का ते तिथेच बोटानं चाचपून बघणार. साठीची बाई साडी नेसून दुकानात बुचं चाचपते म्हणून लोक बघतात. बघोत.