मांडवी खाडीतील कांदळवन सफर, वेंगुर्ला

समुद्राची पातळी वाढते तेव्हा खारफुटीवर, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळवनावर, नेमका काय प्रसंग ओढवतो, हे डोळ्यांनी पाहून समजून घ्यायचे असेल, तर वेंगुर्ल्याच्या स्वामिनी महिला बचत गटाची मांडवी खाडीतील सफर अवश्य करावी. २०१७ पासून सुरू असलेल्या या सफरीत होडी वल्ह्यांनी चालते. इंजिनाची घरघर नसल्याने झाडांच्या अगदी जवळ जाता येते आणि वल्हवणाऱ्या ताईंचा शब्दन् शब्द ऐकू येतो.

कांदळ या खारफुटीच्या झाडाच्या कमानदार मुळांवरची बारीक छिद्रे निरखून पाहावीत. ओहोटीला मुळे उघडी पडतात तेव्हा त्यांतूनच झाड हवा घेते, त्यामुळे पाणी कायमचे चढले तर ते उभ्या जागी गुदमरेल. कांदळाची शेंग झाडावरच रुजते आणि खाली पडून चिखलात रुतते. तिथे पाणी सतत खोल राहू लागले, तर ती मूळ धरण्याऐवजी वाहून जाईल.

खारफुटी मात्र सहजासहजी हार मानत नाही. मुळांत गाळ अडकवून ती पायाखालची जमीन हळूहळू उंच करत राहते. २००६ ते २०१८ या काळात जगभरात समुद्र वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटर चढला. हा वेग ६-७ मिलिमीटरच्या पुढे गेला, तर बहुतेक कांदळवनांना तो गाठणे अवघड होईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातच वरच्या अंगाला धरणांनी गाळ अडवला किंवा खाडीतली वाळू उपसली, तर जमीन उंच होणार तरी कशी?

मग खारफुटीला उरते ती जमिनीकडे सरकण्याची वाट, आणि कोकणात ती ठिकठिकाणी खारे पाणी अडवणारे खारबंधारे, रस्ते व कुंपणांनी अडलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनाभोवती ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई केली, हे मोलाचेच झाले. पण ते अंतर आजच्या झाडांपासून मोजले जाते, उद्याच्या झाडांसाठी जागा कोण राखणार, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो.

शक्यतो ओहोटी सरून भरती लागतानाची वेळ विचारून घ्यावी, म्हणजे उघडी मुळे आणि चढते पाणी दोन्ही पाहायला मिळतात. शाळांनी तर वर्गच्या वर्ग इथे आणावेत.