बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर: चांगला आहे, पण सगळ्यांना सारखा नाही

दोन बारीक सेल, एक बटण आणि अर्ध्या मिनिटात रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा आकडा. साथीच्या काळात घरात असावंच असं हे यंत्र. खोट एकच, पण मोठी: ज्यांना धोका जास्त, त्यांच्याच बोटावर ते जास्त चुकतं.

चिमट्यातून ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड प्रकाश बोटातून जातो. रक्ताने कोणता किती शोषला, त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज निघतो. पण त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, आणि सावळ्या-काळ्या त्वचेत ते जास्त असतं. अमेरिकेत २०२० साली छापून आलेल्या अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी, असा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांच्या सुमारे १२ टक्के मोजण्यांत आढळला. गोऱ्यांच्या सुमारे ४ टक्के. म्हणजे ज्याला ऑक्सिजन लावायला हवा, त्यालाच 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवलं जाऊ शकतं.

तेव्हा एका आकड्यावर भिस्त नको. बरं असतानाचा आकडा लिहून ठेवा. त्याहून तीन-चारने घसरला, तर ९४ दिसत असले तरी डॉक्टरांना कळवा. धाप लागत असेल, तर आकडा काहीही असो, थांबू नका. ऑक्सिजन घटल्याने येणारा निळेपणा सावळ्या चेहऱ्यावर सहज कळत नाही, जीभ आणि हिरड्या बघा.

मोजताना नेलपॉलिश काढा, गार हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा. मधलं बोट आत नीट सरकवा, हात छातीशी टेकवा. नाडीची पट्टी लयीत हलायला लागली आणि आकडा स्थिरावला की मगच वाचा. पहिल्या काही सेकंदांतला आकडा बहुधा भलताच असतो.

डिस्प्लेचं काय ते बनवणाऱ्यांनाच ठाऊक! इंग्रजी आकड्यांतले ९८ उलट्या बाजूने ८६ वाचले जातात, आणि शेजारचे नाडीचे ठोके ऑक्सिजन समजले जातात. नजर अधू असलेल्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी आकडा बोलून दाखवणारं मॉडेलच घ्यावं.

धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तातला कार्बन मोनॉक्साइडही हे यंत्र ऑक्सिजनमध्येच मोजतं. तान्ह्या बाळांना मोठ्यांचा चिमटा चालत नाही, त्यांचा सेन्सर वेगळा येतो.