कंपनीवर चारी बाजूंनी टीका सुरू झाली, तर लगेच छोटं निवेदन की तपासानंतर सविस्तर उत्तर?

एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी अन्नाशी केलेल्या किळसवाण्या चाळ्यांचा व्हिडिओ यूट्यूबवर पसरला. कंपनीच्या अध्यक्षांचा माफीचा व्हिडिओ यायला सुमारे २ दिवस लागले. तपासाची वाट पाहिली की चुकीची माहिती बाहेर जात नाही, पण तेवढ्या काळात इंटरनेटवर कंपनीचं नाव शोधलं की तक्रारीच वर येतात.

लगेच बोलण्याचाही धोका आहे, आणि तो मोठा आहे. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीने विमानातून प्रवाशाला फरफटत बाहेर काढल्यावर दुसऱ्याच दिवशी निवेदन दिलं. त्यात खेद होता तो प्रवाशांची 'पुन्हा सोय' करावी लागल्याबद्दल. कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात तर त्याच प्रवाशाला दोष दिला होता. ते पत्र फुटलं आणि ११ एप्रिलला सीईओंना नव्याने माफी मागावी लागली.

आमचं मत पहिल्या तासा-दोन तासांत ३-४ वाक्यांच्या निवेदनाकडे झुकतं: काय घडल्याचं कळलं, कोणाला त्रास झाला, आत्ता काय थांबवलं, पुढची माहिती किती वाजता. कारण आणि दोष त्यात नकोत, ते तपासानंतर. ठरलेल्या जाहिराती आधी थांबवा. अंतर्गत पत्र उद्या छापून येईल असं धरूनच लिहा.